रूपकुंडाच्या वाटेवरचं गवत

दिदना गाव सोडलं की जो चढ लागतो तो संपायचं नाव घेत नाही. बांज आणि बुरांशचं दाट जंगल, पायाखाली ओल्या पानांचा चिखल, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या मंडळींचा दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न : अजून किती? वाटाड्याचं उत्तरही ठरलेलं, ‘बस, आधा घंटा.’ असे चार-पाच अर्धे तास झाले की झाडं एकाएकी संपतात. दार उघडावं तसं आभाळ उघडतं आणि समोर ‘आली’ नावाचा बुग्याल, म्हणजे उंचावरचं कुरण, पसरलेला असतो. धारेच्या दोन्ही अंगांना उतरत गेलेलं मैलोगणती गवत. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे ७,१२० मीटर उंचीचा त्रिशूळ. इथे पोचल्यावर प्रत्येक जण आधी सॅक टाकतो आणि मग स्वतःला.

फोटो त्रिशूळाचे निघतात. कुणी खाली वाकून पाहत नाही. पाहिलं तर दिसेल की हे गवत जेमतेम बोटभर उंचीचं आहे, पण त्याच्या मुळांची गादी मात्र चांगली जाड आहे, घोंगडीसारखी घट्ट विणलेली. त्या घोंगडीखाली काळ्या मातीचा थर आणि त्याच्याखाली नुसते दगड. खच्चराचा खूर या गादीत रुतला की सुरीने वडी कापावी तसा तुकडा निघतो. पुढचं खच्चर त्याच खाचेत पाय देतं. आषाढ-श्रावणात त्या खाचेतून पाणी वाहायला लागतं, खाचेची नाळ होते, नाळीत चिखल साचतो. मग बूट खराब होऊ नयेत म्हणून माणसं बाजूने चालतात आणि तिथे दुसरी वाट पडते. एका धारेवर अशा सहा-सात समांतर वाटा शेजारी शेजारी धावताना दिसल्या की पायांची गर्दी किती झाली, ते मोजायला वेगळ्या शिरगणतीची गरज उरत नाही.

चमोली जिल्ह्यातलं रूपकुंड हे या वाटेच्या टोकाचं तळं. उंची सुमारे ५,००० मीटर, रुंदी चाळीसेक मीटर. आपल्याकडचा एखादा पाझर तलावसुद्धा याहून मोठा असतो. वर्षाचे बहुतेक महिने ते गोठलेलं असतं, आणि बर्फ वितळला की काठाला माणसांचे सांगाडे दिसू लागतात. १९४२ मध्ये वनखात्याचे रेंजर एच. के. मधवाल यांनी ते पाहिले आणि तिथून या तळ्याची ख्याती सुरू झाली. युद्धाचा काळ होता, त्यामुळे हे हिमालय ओलांडून आलेले जपानी सैनिक असावेत अशी शंकाही घेतली गेली, असं सांगतात. पर्वतातल्या लोकांकडे मात्र उत्तर तयार होतं. कनौजचा राजा जसधवल गरोदर राणी आणि नाचणारणींचा ताफा घेऊन देवीच्या यात्रेला निघाला, वाटेत त्याने पावित्र्य मोडलं, आणि नंदादेवीच्या कोपाने सगळा लवाजमा गारपिटीत संपला. वाटेवरच्या एका पडावाचं नाव आजही पातर नचौणी आहे. नाचणारणी तिथे शिळा झाल्या, अशी कथा.

या हाडांशी महाराष्ट्राचा संबंध नुसत्या पर्यटकाचा नाही. २००३-०४ च्या सुमारास नॅशनल जिओग्राफिकने जी मोहीम नेली तिच्या अभ्यासात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे होते. कवट्यांवर वरून बसलेल्या घावांच्या खुणा पाहून मोठ्या गारांनी मृत्यू झाले असावेत, असा तर्क तेव्हा मांडला गेला. म्हणजे लोककथेतली गारपीट खरी ठरली म्हणायची. पण २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि गोष्ट पुन्हा गुंतली. २३ जण भारतीय उपखंडातल्या वंशाचे, इसवी सन ८०० च्या आगेमागे आणि तेही एकाच वेळी नव्हे तर वेगवेगळ्या प्रसंगी मेलेले. १४ जणांचं नातं थेट पूर्व भूमध्य सागराच्या काठाशी, ग्रीस-क्रीटच्या बाजूला. एक जण आग्नेय आशियाई. हे शेवटचे १५ जण जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे, १८०० च्या सुमाराचे. पेशवाई अजून शिल्लक असताना भूमध्य सागराकडच्या वंशाची माणसं गढवालच्या या कोपऱ्यात काय करत होती, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही.

ते मिळेल याची आशाही दिवसेंदिवस कमी होते आहे. आलेल्या माणसांनी हाडं उचलली, फोटोसाठी रचून ठेवली, काहींनी आठवण म्हणून सॅकमध्ये घालून घरी नेली. कुठल्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये रूपकुंडाचं हाड पडलं आहे आणि कुठलं अजून बर्फाखाली आहे, हे आता वैज्ञानिकालाही सांगता यायचं नाही. तरी हाडांना निदान नाव आहे, त्यांच्यावर माहितीपट निघतात. गवताच्या वाट्याला तेवढंही येत नाही. आणि रूपकुंडाच्या वाटेचं आज जे काही भलं-बुरं चाललं आहे ते या गवतावरूनच.

२०१४ मध्ये आली-बेदिनी-बगजी बुग्याल संरक्षण समितीची जनहित याचिका नैनीतालच्या उच्च न्यायालयात दाखल झाली. निकाल लागला २१ ऑगस्ट २०१८ रोजी. उत्तराखंडातल्या सगळ्या बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी, एका वेळी जास्तीत जास्त २०० पर्यटक, व्यापारी चराई बंद, आणि बुग्यालांवर उभारलेले पक्के निवारे काढून टाकायचे. वृक्षरेषा आणि हिमरेषा यांच्यामधला हा हिरवा पट्टा जेमतेम चार-पाच महिने जिवंत असतो. त्यात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुन्हा बर्फाखाली जायचं. नेमक्या त्याच महिन्यांत तंबूही लागतात. एका जागी महिनाभर तंबू राहिला की खालचं गवत पिवळं पडतं. तंबूभोवती पाणी जावं म्हणून चर खणले जातात. खच्चरांची लीद जिथे साठते तिथे रुंद पानांचं जंगली पालकाच्या जातीचं तण माजतं आणि मूळ गवत मागे हटतं. थंडीमुळे काहीच लवकर कुजत नाही. टॉयलेट टेंटखालचा खड्डा बुजवून माणसं दिल्लीला पोचतात. त्या खड्ड्यातला ऐवज मात्र पुढचे कित्येक हंगाम तिथेच असतो. न्यायालयाचं निदान चुकलं असं कुणी म्हणू शकणार नाही.

चुकलं ते पुढे. बंदी ही उपाययोजनेची सुरुवात असायला हवी होती, सरकारने ती फाइलवरची शेवटची नोंद मानली. मुक्काम बंद म्हटल्यावर बहुतेक मोठ्या ट्रेक कंपन्यांनी रूपकुंड यादीतून काढलं. माणसं यायची काही थांबली नाहीत. पायथ्याच्या लोहाजंग गावातलीच गर्दी शेजारच्या ब्रह्मतालाकडे वळली, बाकीची केदारकांठ्याला गेली. डिसेंबरअखेरीस केदारकांठ्याच्या माथ्यावर जी रांग लागते ती पाहिली की दादर स्टेशनचा जिना आठवतो. एका डोंगराचा भार उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला, एवढंच झालं. आणि त्याच राज्यात, निकालाला वर्षही झालेलं नसताना, जून २०१९ मध्ये औलीच्या उतारावर एका धनाढ्य कुटुंबाची शाही लग्नं लागली. हेलिकॉप्टरांच्या फेऱ्या झाल्या, शेकडो क्विंटल कचरा मागे राहिला. प्रकरण त्याच उच्च न्यायालयात गेलं आणि तीन कोटी रुपये भरायला लावले गेले. दोन माणसांच्या तंबूने गवत मरतं आणि लग्नाच्या मांडवाने मरत नाही, असं कुठल्या वनस्पतिशास्त्रात लिहिलेलं नसावं.

संपूर्ण बंदीचा अनुभव उत्तराखंडाला नवा नाही. नंदादेवीच्या शिखराभोवतीचं अभयारण्य १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढच्याच वर्षी गिर्यारोहकांना बंद झालं. मोहिमांनी तिथे इतका कचरा केला होता की त्याला इलाजही नव्हता. निसर्ग सावरला. पण लाता, तोलमा, रैणी या गावांची कुरणं आणि हमालीची कामं एका फटक्यात गेली. रैणी म्हणजे १९७४ मध्ये ज्या गावच्या बायकांनी झाडांना मिठ्या मारून जंगल वाचवलं तेच गाव. १९९८ मध्ये या पट्ट्यातल्या लोकांनी ‘झपटो छीनो’ म्हणत बंद हद्दीत पाय ठेवला. ज्यांनी जंगल राखलं त्यांनाच जंगलाबाहेर काढायचं, यातला अन्याय त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नाही.

चराईबंदीचंही असंच. शेजारच्या फुलों की घाटीत उद्यान झाल्यावर मेंढपाळांना मज्जाव झाला. पुढे एका उंच वाढणाऱ्या तणाने मोठा भाग व्यापला, ते उपटायला दरवर्षी मजूर लावावे लागतात. याचं भावंड साताऱ्याच्या लोकांना चांगलं ओळखीचं आहे. कास पठारावर फुलांच्या रक्षणासाठी जाळीचं कुंपण घातलं, गुरांचं चरणं थांबलं, गवत वाढलं, आणि फुलं कमी झाल्याची तक्रार सुरू झाली. कुंपण शेवटी काढावं लागलं. गवत, जनावर आणि माणूस यांचा हिशेब शतकानुशतकं एकत्र जमलेला असतो. त्यातला एकच आकडा खोडून बेरीज बरोबर येत नाही.

पण कासने दुसरी एक गोष्ट करून दाखवली आणि ती रूपकुंडाला उपयोगी पडण्याजोगी आहे. आसपासच्या गावांच्या समित्या तिथला हंगाम चालवतात. दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, शुल्क, गाड्या खाली थांबवून पुढे बस, आणि वाटेबाहेर पाय टाकला की शिट्टी. शिट्टी वाजवणारा तरुण गावातलाच, त्यामुळे त्याच्याशी हुज्जत घालायला शहरी माणूसही जरा कचरतो. शनिवार-रविवारी गोंधळ होतोच, नाही असं नाही. तरी बंद आणि बेबंद यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग असतो, तो गावच्या माणसांना चालवता येतो, आणि त्याचा पैसा गावात राहतो, एवढं त्यातून सिद्ध झालं आहे.

फुलों की घाटीचा नियम रूपकुंडाला जसाच्या तसा लावता येत नाही, याचं कारण भूगोलात आहे. घाटीत मुक्काम करायची मुभा नाही, पण घांघरियाहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. रूपकुंड वाण गावापासून काही दिवसांच्या चालीवर. तिथे रात्र काढायला मनाई करून तळं उघडं ठेवलं तर हावरी माणसं एका दमात फार उंची गाठायचा प्रयत्न करणार. ५,००० मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. म्हणूनच ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं पर्वतवैद्यक सांगतं. डोकं ठणकणं, जेवण नकोसं होणं, मळमळ, ही पहिली लक्षणं. ती लपवून पुढे चालत राहणारा गडी प्रत्येक तुकडीत एक तरी असतोच आणि बहुधा तोच सह्याद्रीत सर्वांत जोरात चालणारा असतो. रतनगडावर दम न लागलेल्या माणसाला उंचीचा त्रास होत नाही हा गैरसमज फार पक्का आहे. फुप्फुसात पाणी भरायला लागलं की दंडाचे स्नायू कामाला येत नाहीत. तेव्हा खाली उतरणं हाच इलाज.

हवेचं वेगळंच. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्याच सहस्रतालाच्या वाटेवर २२ जणांची तुकडी हिमवादळात अडकली आणि ९ जण गेले. मेलेले कर्नाटकातले होते. हेलिकॉप्टरं आली, पण ती हवा उघडल्यावर. उंचावरच्या तळ्याकडे निघालेली माणसं, वर आडोसा नाही, आणि ऐन वेळी फिरलेलं आभाळ : रूपकुंडाच्या काठची हाडं ज्या काळातली असोत, त्यांची अखेर याहून फार वेगळी झाली असेल असं वाटत नाही.

तेव्हा मुक्काम हवाच. प्रश्न कुठे आणि किती जणांचा, हा आहे. रूपकुंडाआधीचा शेवटचा पडाव भगवाबासा. तिथे पोचण्यापूर्वी कालू विनायकाचं ठाणं लागतं. काळ्या दगडाचा गणपती, भोवती घंटा आणि वाऱ्याने फाटलेल्या चुनऱ्या. मराठी माणूस तिथे चप्पल-बूट काढायला वाकतो आणि थंडीने बोटं चालत नाहीत म्हणून बंद सोडायला त्याला पाच मिनिटं लागतात. तिथून पुढे हिरवळ संपते. भगवाबासाला आहे तो निव्वळ दगडांचा पसारा, तंबू लावायला सपाट शिळा शोधावी लागते. म्हणजे सगळ्यात वरच्या मुक्कामाला मुळी बुग्यालच नाही. खालचे मुक्काम जंगलाच्या कडेला, गवत सोडून हलवता येतात. बेदिनी बुग्यालाच्या हिरवळीवर एकही खुंटी ठोकायची नाही आणि भगवाबासाच्या दगडांवर रोज ठरलेले तीस-चाळीस जण राहतील, असा नियम करायला कुणाची आडकाठी असेल? न्यायालयापुढे असा आराखडा घेऊन जायचं काम वनखात्याचं आणि पर्यटन खात्याचं. २०१८ पासून त्यासाठी पुरेसा वेळ मिळाला आहे.

आकडा ठरला की तो पाळायचाही असतो. कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीची वाटही अशीच उंचावरच्या तळ्यांच्या काठाने चढते. तिथे मे ते ऑक्टोबर या हंगामात दिवसाला ६० मुक्कामी आणि १०० एका दिवसात परतणारे, एवढ्यांनाच सोडतात, आणि परवाना सोडत काढून मिळतो. वाटेवरची शौचालयं या शतकाच्या पहिल्या दशकातच काढून टाकली. आता प्रत्येकाने आपली विष्ठा पिशवीत बांधून खाली आणायची. ऐकताना नाक मुरडावंसं वाटतं. पण बेदिनीच्या कुंडात, ज्यात त्रिशूळाचं प्रतिबिंब पाहायला माणसं पहाटे चारला उठतात, वरच्या उतारावरच्या कुठल्या कुठल्या खड्ड्यांचं पाणी झिरपतं याचा विचार केला तर ती पिशवी बरी म्हणावी लागेल. काही मोहिमा हे करतात. शहरातून चार दिवसांसाठी आलेल्याला ते जमू नये, असं काही नाही.

खच्चरांचा प्रश्न अवघड आहे, कारण त्यामागे घरं आहेत. वाण, दिदना, कुलिंग इथल्या कुटुंबांनी कर्ज काढून जनावरं घेतली आणि बंदीनंतर ती बसून राहिली. जंगलातल्या वाटेवर खच्चर चालावं आणि गवत लागल्यावर ओझं माणसांच्या पाठीवर जावं, अशी वाटणी करता येईल. त्याने खर्च वाढेल. वाढू द्यावा. वीस किलोची सॅक खच्चरावर टाकून, वर पोर्टेबल खुर्ची, जनरेटर आणि वाढदिवसाचा केक मागवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली तर बिघडलं काय?

आणि या बाबतीत पहिलं माप मराठी भटक्यांच्या पदरात टाकायला हवं. हिमालयातल्या कुठल्याही लोकप्रिय पायवाटेवर सकाळी ‘चला रे’ ऐकू आलं नाही असा दिवस विरळा. युथ हॉस्टेलच्या स्वस्त मोहिमांनी इथल्या कित्येक पिढ्यांना बर्फ दाखवला, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण हीच मंडळी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सुट्टीच्या रात्री लागणाऱ्या तंबूंच्या वस्तीबद्दल तावातावाने बोलतात आणि बेदिनीवरच्या बंदीला मात्र सरकारी आडमुठेपणा म्हणतात. आपल्या अंगणातली गर्दी खुपते, दुसऱ्याच्या अंगणातली आपणच असतो म्हणून दिसत नाही. कोट्यात नाव लागलं नाही तर या वर्षी जायचं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, हे पचवायची तयारी आधी पुण्यात झाली तर चमोलीत नियम करणं सोपं जाईल.

‘मग यात्रेचं काय?’ हा प्रतिप्रश्न लोहाजंगच्या चहाच्या टपरीवर हमखास येतो. नंदादेवी राजजात साधारण बारा वर्षांनी निघते. २०१४ मध्ये हजारो माणसं याच गवतावरून गेली, तेव्हा बुग्याल मेला नाही का? थोडाफार मेलाच असणार. पण बारा वर्षांतून एकदा आणि हंगामात रोज, यात फरक आहे, आणि तो यात्रेने स्वतःच राखलेला आहे. नंदा ही गढवाल-कुमाऊंची लेक. तिला सासरी, कैलासाला पोचवायला नौटीहून सगळा मुलूख निघतो, आणि माहेरवाशिणीला निरोप देताना आपल्याकडे बायका वेशीपर्यंत जाऊन रडतात तशाच तिथल्या बायका रडतात. सर्वांत पुढे चार शिंगांचा मेंढा असतो, चौसिंघा. त्याच्या पाठीवर देवीसाठी दिलेले दागिने, कपडे आणि खाऊ बांधलेला असतो. वाण, बेदिनी, पातर नचौणी, रूपकुंड, जुनारगली ओलांडून यात्रा होमकुंडाला पोचते. तिथे पूजा होते, मेंढ्याची दोरी सोडली जाते आणि राजापासून हमालापर्यंत सगळे माघारी वळतात. तिथून पुढच्या बर्फात एकटा तो मेंढा चालू लागतो.